गोदीची तिथी

धंतोली, नागपूर
५ ऑगस्ट १९७३

चि. शरच्चंद्रास यमुताईचे आशीर्वाद, आज नेहमीपेक्षा थोडे कमीच.

इथे सगळं ठीक आहे, माझे गुडघे सोडून. ते रामटेकला कामी आले, आणि ते पाप तुझ्या कुलवृत्तांताचं. संपादक म्हणून नाव तुझं, बसलास पुण्यात, आणि धावपळ बासष्ट वर्षांच्या चुलत बहिणीची. आपल्या शाखेचं एक पान अपुरं आहे, रामटेकच्या उपाध्यांच्या वहीवरून तारखा ताडून घे, एवढंच तू लिहिलं होतंस. घेतल्या ताडून. आता ऐक.

ते पान आपल्या आजोबांच्या, म्हणजे अण्णाजींच्या, धाकट्या भावाचं. दामोदर आणि त्याची बायको १९०० सालच्या दुष्काळात पटकीनं एका आठवड्यात गेली. मागे दोन पोरं राहिली, विष्णू दहा वर्षांचा आणि गोदी सात वर्षांची. ती पोरंही त्याच साली गेली, असं आपण दोघं लहानपणापासून ऐकत आलो. उपाध्ये गणपतराव यांनी वही उघडली, तर तसंच होतं. कार्तिक महिना, भाऊ, भावजय, पुतण्या आणि पुतणी अशा चौघांना पिंड. अक्षर अण्णाजींचंच. मला पाटीवर अक्षरं त्यांनीच गिरवायला लावली होती, त्यांचा 'ण' मी झोपेतसुद्धा ओळखीन. वाचून डोळ्यांत पाणी आलं. आता त्या पाण्याची लाज वाटते.

मी उठणार, तोच गणपतराव म्हणाले की या घराण्याचं अजून एक पान आहे. चैत्र, १९११. 'विष्णू दामोदर हिवरेकर, वस्ती इटारसी, रेल्वे.' त्यानं आईवडिलांना पिंड दिलेत, आणि खाली लिहिलं आहे, 'भगिनी गोदावरी, मृत्युतिथी भाद्रपद वद्य चतुर्थी, अण्णाकाकांच्या पत्रावरून.' गणपतरावांनी चष्मा काढला आणि मलाच विचारलं, "ताई, मेलेला माणूस आपल्या हातानं कसा लिहून राहिला जी?"

मी तुला तेच विचारते. अकरा वर्षांआधी ज्याला पिंड दिला तो पोरगा चालत रामटेकला आला कसा? काकांची, म्हणजे तुझ्या वडिलांची, ट्रंक तुझ्याकडे आहे, त्यात काही सापडतं का बघ. इटारसीला रेल्वेच्या पत्त्यावर मी पत्र टाकलं आहे. तोवर ते पान छापखान्यात देऊ नकोस.

सौ. कौशल्येला आशीर्वाद सांग. लोभ आहेच, त्याची परीक्षा पाहू नकोस.

तुझी,
यमुताई


कोथरूड, पुणे
१३ ऑगस्ट १९७३

ती. यमुताईच्या चरणी शरच्चंद्राचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांसाठी कौशल्येनं तेल पाठवलं आहे. रोज रात्री लावावं, आणि या वयात रामटेकच्या पायऱ्या चढू नयेत, असा तिचा निरोप आहे.

पानाबद्दल लिहितो. आपल्या शाखेचा मजकूर जुळून झाला आहे. पहिल्या पानावर अण्णाजींचा फोटो आहे आणि खाली 'कुलाचा आधारवड' असं आहे. शंभर घरांनी प्रती मागितल्या आहेत. अशा वेळी तू पाऊणशे वर्षांमागची राख उकरते आहेस. ट्रंकेत काही नाही.

ताई, तो काळ ध्यानात घे. माई आत्या एकदा बोलून गेली होती, पोरं सरकारी दुष्काळी कामावर महिनोन्‌महिने कुणाच्याही हातचं जेवलेली. त्यांना घरात घेतलं असतं तर वाळीत पडायची वेळ, आणि आपल्या तीन आत्या लग्नाच्या. माई आत्यानं मला आईमागे वाढवलं, हे तुला माहीत आहे. तिचं लग्न झालं नसतं तर माझं काय झालं असतं? अण्णाजींनी मन दगडाचं केलं असेल, पण ते चौदा माणसांच्या घरासाठी केलं.

तरी तुझा मान राखतो. इटारसीहून कुणी उत्तर दिलं तर विष्णूची शाखा पुरवणीत घालीन. गोदावरी मात्र नियमाप्रमाणे तळटिपेत, 'बालपणी वारली' अशीच राहील. तिच्याबद्दल तर विष्णूनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. आता वाद नको.

आशीर्वाद पुन्हा पूर्ववत व्हावेत, ही प्रार्थना.

तुझा,
शरद


धंतोली, नागपूर
३१ ऑगस्ट १९७३

चि. शरदला आशीर्वाद लिहिते, कारण न लिहिण्याची सवय नाही.

इटारसीहून उत्तर आलं. विष्णू १९४९ साली गेला. त्याचा मुलगा मनोहरराव रेल्वेतून निवृत्त झाला आहे. चार पानं लिहिली आहेत. मी ती तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा उठून घरभर चालले.

आईवडील गेल्यावर अण्णाजींनी दोघांना बैलगाडीत घातलं आणि कळमेश्वरच्या रस्त्यावर, खडी फोडायच्या सरकारी कामावर नेऊन बसवलं. संध्याकाळी येतो म्हणाले. विष्णू पाच संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसला होता. सहाव्या दिवशी त्यानं हातोडी उचलली. शेजारच्या ढिगावर पिंपळखुटीची भागाबाई म्हणून महार बाई खडी फोडत होती. ती आपली अर्धी भाकर या दोघांना द्यायची. विष्णू आधी घेईना. गोदीनं पहिल्या दिवशीच खाल्ली. मग विष्णूला ताप आला, आजाऱ्यांच्या गाडीतून त्याला नागपूरच्या दवाखान्यात नेलं, आणि दोन महिन्यांनी तो परतला तर काम बंद, माणसं पांगलेली. एका रेल्वेच्या गार्डानं त्याला इटारसीला नेलं. मिळवता झाल्यावर त्यानं काकांना विचारलं, माझी गोदी कुठे आहे?

अण्णाजींचं उत्तर मनोहररावांनी रजिस्टरनं पाठवलं आहे. कार्ड माझ्यासमोर आहे. 'चि. गोदी त्याच वर्षी भाद्रपद वद्य चतुर्थीस शांत झाली. तू रामटेकी सर्वांस पिंड द्यावेस. घरी येण्याचे प्रयोजन नाही.' पुन्हा तोच 'ण'. तेव्हापासून दर वर्षी त्या तिथीला आधी विष्णू आणि आता मनोहरराव गोदीचं श्राद्ध करतात, पान मांडतात, कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवायला उशीर झाला की वडील रडायचे, बहीण अजून रागावली आहे म्हणायचे, असं त्यांनी लिहिलं आहे.

पत्र वाचून मी पिंपळखुटीला गेले. भागाबाई केव्हाच गेली असणार, पण गोदीला कुठे पुरलं एवढं तरी कळेल, असं मनात होतं. बौद्ध वस्तीत बळीराम नावाचे म्हातारे दारात बसले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "भागाबाईची गोदी? ते तं हाय नं जी. खापरखेड्याले, पोरीपाशी."

शरद, ती आहे. ऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, दात दोन आहेत, आणि सुपारी कातरते. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत मुलीकडे राहते. जावई तिथेच कामाला होता. भागाबाईनं तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली, त्यांच्यातच तिचं लग्न झालं, छप्पन्न साली गोदी आणि तिची मुलगी, दोघींनी नागपुरात दीक्षा घेतली. आपल्या घरापासून बसनं तासाभराचा रस्ता. त्र्याहत्तर वर्षांत आपल्यापैकी एकालाही तासभर मिळाला नाही.

पुढचं नीट वाच. गोदी चौदा वर्षांची झाली तेव्हा भागाबाई स्वतः तिला घेऊन अण्णाजींच्या दारात गेली. रक्ताची माणसं आहेत, पोरीला एकदा विचारायला हवं, असं त्या बाईला वाटलं. अण्णाजी ओसरीवर होते. गोदी म्हणते, त्यांनी तिला ओळखलं, कारण त्यांनी लगेच मान फिरवली. मग म्हणाले की या घरानं गोदी आणि विष्णू दोघांनाही पिंड दिले आहेत. भागाबाईनं दोनदा पाणी मागितलं. ते साल १९०७. चार वर्षांआधी जिला दारात उभी पाहिली, तिची मरणतिथी त्यांनी १९११ साली भावाला लिहून पाठवली. काळाचं कारण मला सांगू नकोस. घरात घेण्याची भीती मी एक वेळ समजेन. बहीण जिवंत आहे, इतकंच कार्डावर लिहायला कोण वाळीत टाकणार होतं?

गोदाबाईंनी मला विचारलं, विष्णू दवाखान्यातच गेला का? मी विषय बदलला. निघताना अंगणात त्यांच्या मुलीला, अंजनाबाईंना, खरं सांगितलं आणि पळाल्यासारखी बस धरली.

छापायचं ते असं: 'गोदावरी, जन्म १८९३, हयात.' पान बदल आणि आधारवडाखालची ओळ काढ.

यमुताई


कोथरूड, पुणे
८ सप्टेंबर १९७३

ती. यमुताईस शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र मी कौशल्येलाही दाखवलं नाही. ज्यांनी तुला अक्षर शिकवलं, त्यांच्याविरुद्ध तेच अक्षर पुरावा म्हणून दाखवताना हात कसा थरथरला नाही?

एका म्हाताऱ्या बाईच्या सांगण्यावरून मी अण्णाजींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणार नाही. ती गोदावरी कशावरून? भागाबाईनं त्या कामावरून दुसरीच पोर उचलली नसेल? आणि आज नाव छापलं तर उद्या तिची मुलंबाळं हिवऱ्याच्या शेतात वाटा मागतील. मी प्रमुख घरांना विचारलं. प्रती परत करू, असं तिघांनी कळवलं आहे. बाकीच्यांना विचारायची माझी छाती नाही.

हा कुळाचा वृत्तांत आहे. जे कुळात राहिले नाहीत त्यांची नोंद कुळ कशी घेणार? तुझ्या समाधानासाठी 'बालपणी वारली' ऐवजी 'पुढील माहिती उपलब्ध नाही' असं छापतो. याहून पुढे मला जाता येणार नाही. तू मोठी आहेस, सांभाळून घे.

शरद


खापरखेडा
१८ सप्टेंबर १९७३

यमुताई हिवरेकर यांना अंजनाबाई मेश्राम हिचा जयभीम.

दोनदा पत्र लिहिलं आणि फाडलं. मी बालवाडीत शिकवते, लेकरांशी सरळ बोलायची सवय आहे, म्हणून आता सरळच लिहिते. तुम्ही आल्या, चहा घेतला, आईचा हात धरून बसल्या, ते चांगलं केलं. पण मग पिशवीतून छापील कागद काढला आणि त्यावर रकाना होता म्हणून माझ्या आईला गोत्र विचारलं. तीनदा विचारलं. तिला कमी ऐकू येते हे खरं, पण तिसऱ्या वेळी तिला ऐकू आलं होतं. जिला सात वर्षांची असताना रस्त्यावर टाकून गेले, तिला ऐंशीव्या वर्षी गोत्र विचारायला तुमच्यातलंच माणूस पाहिजे.

आणि भाऊ जिवंत होता, हे सांगायचं काम माझ्यावर टाकून तुम्ही बस धरली. सांगितलं मी. तिच्या कानाशी बसून, मोठ्यानं, दोनदा सांगावं लागलं, भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनीही ऐकलं. आईनं तुमच्या आजोबाला जे शब्द वापरले ते या घरात मी आजवर ऐकले नव्हते, आणि लिहिणार नाही. मग तिनं विचारलं, इटारसीला नागपुरावरून गाडी जाते काय. जाते म्हटलं. तर म्हणे, मग आपण काहून नाही गेलो. तिला वाटून राहिलं आहे की चूक तिची झाली. दोन दिवस जेवली नाही. तुमच्या घरानं केलेलं सगळं एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्या पारड्यात ठेवा, मला हेच जड वाटते.

परवा, रविवारी, इटारसीचे मनोहरराव आले. तुम्ही पत्ता दिला म्हणाले. हातात शिध्याची पिशवी, तांदूळ, डाळ, तूप. दारातच उभे राहून रडायला लागले. आज आत्याची तिथी, एकही वर्ष चुकवलं नाही, आता काय करू ते कळत नाही, असं म्हणत होते. मी सांगितलं की आम्ही दीक्षा घेतलेली माणसं, या घरात श्राद्ध करत नाही आणि श्राद्धाचं खात नाही. त्यांना तसंच परत पाठवणार होते, खरं सांगते. तेवढ्यात आई आतून ओरडली.

"मले जेवू घालाचं हाय तं माह्या समोर वाढ म्हणा त्याले. मी इथं बसली हावो. इतकी वर्सं कावळ्याले काहून वाढून राहिला?"

श्राद्धबिद्ध काही नाही, भाच्यानं आत्याला जेवण दिलं, असं ती म्हणाली. त्यांनी माझ्या चुलीवर भात केला, वरण केलं. स्वतः वाढलं. आई जेवली. मीठ कमी आहे म्हणून त्यांना बोलली, आणि मग त्यांना शेजारी बसवून आपल्या ताटातला भात त्यांच्या ताटात घातला. ते दोन दिवस राहिले. आज सकाळी गेले. दिवाळीला बायकोला घेऊन येतो म्हणाले, आई म्हणे, येतो म्हणून जाणारे मी पाहिले आहेत, तारीख सांग. त्यांनी तारीख लिहून दिली.

आता तुमचं पुस्तक. आईला त्याची हौस नाही, मला तर नाहीच. पण तिनं निरोप सांगितला आहे तो देते. नाव लिहायचं असेल तर आईच्या रकान्यात भागाबाई लिहा. जन्म देणारीचंही लिहा, तिचा काही दोष नाही, ती मेली म्हणून सुटली. पण भागाबाईचं नाव पूर्ण, पिंपळखुटीसकट, छापून आलं पाहिजे. तेवढं जमत नसेल तर तुमच्या लोकांनी तिला मेली म्हणून लिहिलं आहे तसंच राहू द्या, तिचं त्यावाचून काही अडलं नाही.

आई म्हणते, तुम्ही पुन्हा या. मी अजून तसं म्हणत नाही. पण याल तर कागद आणू नका.

अंजनाबाई मेश्राम


धंतोली, नागपूर
२४ सप्टेंबर १९७३

चि. शरच्चंद्रास,

सोबत अंजनाबाईंचं पत्र जोडलं आहे. त्यात मला जे लिहिलं आहे ते सगळं खरं आहे. तूही ते वाचावंस म्हणून एक ओळही झाकली नाही. छत्तीस वर्षं पोरींना शिकवलं, मुख्याध्यापिका म्हणून मिरवले, आणि त्या म्हातारीसमोर तुझा छापील कागद पुढे करून गोत्र विचारून बसले. अण्णाजींनी मला अक्षराबरोबर आणखी काय काय शिकवलं होतं ते त्या दिवशी कळलं. काल मी पुन्हा गेले होते, कागद न घेता. अंजनाबाईंनी चहा दिला, बोलल्या मात्र नाहीत. तो त्यांचा हक्क आहे.

वाट्याची तुला भीती होती. हो, त्यांनी वाटा मागितला आहे. हिवऱ्याच्या शेतात नाही, एका ओळीत. त्या ओळीत भागाबाईचं नाव हवं आहे, गावासकट. तिनं जे केलं ते आपल्या कुळातल्या एकाही माणसानं केलं नाही, आणि तुझ्या साडेतीनशे पानांत तिच्यासाठी जागा नाही. कोण नोकरीला होतं, कुणी काशीयात्रा केली, कुणाला कोणता पुरस्कार मिळाला, हे सगळं आहे. अर्धी भाकर कुणी दिली ते नाही.

माझा हात थरथरला नाही का, असं तू विचारलंस. थरथरला. अण्णाजी माझे लाडके होते. ते गेले तेव्हा मी तीन दिवस जेवले नव्हते. म्हणून तर मला हा राग आवरत नाही. परका माणूस असता तर मी चार शब्द बोलून गप्प बसले असते.

आणि 'पुढील माहिती उपलब्ध नाही' हे मला चालणार नाही. माहिती उपलब्ध आहे. ती खापरखेड्याला बसून सुपारी कातरते आहे, आणि वरणात मीठ कमी पडलं तर बोलते आहे. असं छापणं म्हणजे अण्णाजींच्या कार्डाखाली तू सही करणं. ते निदान आपल्या पोरींची लग्नं अडतील म्हणून घाबरले होते. तू कुणाला घाबरतोस? प्रती परत करणाऱ्या तीन घरांना?

तेव्हा छापखान्याला कळव. गोदी हयात, माता भागाबाई, असं छापणार असशील तर माझं नाव मी दिलं तसं असू दे. नसशील तर तिच्याखाली, त्याच तळटिपेत, माझं नाव घाल: यमुना, बालपणी वारली. तिथी हवी असेल तर मी लिहून पाठवते. जिवंत माणसाची तिथी कळवायची आपल्या घरात पद्धत आहेच.

पुस्तक छापून होईपर्यंत हयात,
यमुताई